धुण्याची जागा : नदीपासून बाल्कनीपर्यंत

कर्जत स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत एका शिक्षिकेने घर घेतले. घराचा नकाशा त्यांनी मला दाखवला तो एका अडचणीमुळे. स्वयंपाकघराला लागून दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा एक चौकोन होता आणि त्यात लिहिले होते 'ड्राय बाल्कनी'. धुणे, भांडी आणि वाळवण ही तीन कामे एवढ्या जागेत व्हायची. त्यांचा प्रश्न साधा होता. इथे यंत्र ठेवले तर माणूस उभे कुठे राहणार? आणि माणूस उभे राहिले तर कपडे कुठे वाळणार? (जिथे घरातले सर्वांत ओले काम चालते त्या जागेला 'कोरडी' हे नाव कोणी दिले असेल, हा माझा प्रश्न. त्याचे उत्तर दोघांकडेही नव्हते.)

उत्तर शोधताना लक्षात आले की हा प्रश्न बाल्कनीपेक्षा बराच जुना आहे. धुणे हे दिसायला एक काम असले तरी त्यात चार कामे असतात : पाणी मिळवणे, मळ सोडवणे, मळके पाणी घालवणे आणि कपड्यातले उरलेले पाणी हवेत उडवणे. कर्जत-खालापूर भागात पूर्वी ही चारही कामे घराबाहेर होत. गेल्या सुमारे शंभर वर्षांत ती एकेक करून घरात आली. मात्र सगळी सारख्याच सहजतेने आली नाहीत. एक काम अजूनही धड घरात आलेले नाही, आणि बाल्कनीतली अडचण त्याचीच आहे.

आधी पाणी. सह्याद्रीच्या कड्याखालचा हा प्रदेश. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जतवरून बदलापूर-कल्याणकडे जाते. पेज ही तिची उपनदी. खालापूर तालुक्यातून पाताळगंगा वाहत धरमतरच्या खाडीला मिळते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण पायाखालचा बेसॉल्ट पाणी फारसे साठवत नाही आणि उतार तीव्र असल्याने पडलेले पाणी लवकरच समुद्र गाठते. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्यांप्रमाणे या नद्याही मुळात हंगामी. जून ते ऑक्टोबर दुथडी, माघ-फाल्गुनापर्यंत एक बारीक धार आणि वैशाखात नुसते डोह. वाळूत खड्डा खणून झिरपणाऱ्या पाण्यावर प्यायचे पाणी भागवायचे, मग धुण्याला उरणार किती? उन्हाळ्यात गोधड्या, चादरी अशी मोठी धुणी जिथे डोह असेल तिथे डोक्यावरून न्यावी लागत. खोपोलीत नाना फडणविसांनी शंकराचे देऊळ आणि मोठा दगडी तलाव बांधला. बोरघाटाच्या पायथ्याशी थांबणाऱ्या वाटसरूला आणि जनावरांना बारमाही पाणी मिळावे ही त्यामागची गरज नकाशा पाहिला की कळते.

हे चित्र एका अनपेक्षित कारणाने बदलले. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. लोणावळा परिसरात धरणे बांधून टाटा जलविद्युत कंपनीने पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणले आणि १९१५ मध्ये तिथले वीजघर सुरू झाले. पुढे आंध्रा खोऱ्यातले पाणी अडवून १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचे वीजघर चालू झाले. ही दोन्ही पाणी मुळात पूर्ववाहिनी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशा वाटेने ती बंगालच्या उपसागराला जायची. आता ती घाट उतरून पश्चिमेला आली. जनित्राची चक्रे फिरवून बाहेर पडलेले खोपोलीचे पाणी पाताळगंगेत आणि भिवपुरीचे पेज नदीवाटे उल्हासमध्ये जाऊ लागले. दोन हंगामी नद्या बारमाही झाल्या.

एका गोष्टीकडे मला शिक्षकांचे लक्ष वेधावेसे वाटते. याच पाण्याच्या जोरावर मुंबईत धोतरे आणि लुगडी विणली जात होती, आणि तेच पाणी खाली आल्यावर कर्जत-खालापूरच्या घाटांवर तीच धोतरे-लुगडी धुतली जात होती. ऊर्जेच्या रूपांतराचा धडा शिकवताना आपण स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, विद्युत ऊर्जा अशी साखळी फळ्यावर लिहितो आणि बल्बपाशी थांबतो. जनित्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहून जाते. वर कोणाची जमीन बुडाली हेही राहते. टाटांच्याच पुढच्या, मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला होता. खालच्या खोऱ्याला बारमाही नदी मिळाली ती अशा किमतीत.

आणि ती नदीसुद्धा निसर्गाच्या नव्हे, विजेच्या वेळापत्रकावर वाहू लागली. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू-बंद करता येते, म्हणून मागणी वाढेल तेव्हा पाणी जास्त सुटते. मुंबईत दिवे लागले की इथे नदीची पातळी चढते. धुण्याचा कोणता दगड कधी पाण्याखाली जाईल, हे ठरवणारा चंद्र नव्हे. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचे शहर.

दगड, राख आणि साबण

धुण्याच्या दगडाबद्दल आपल्याकडे फार लिहिले गेलेले नाही, पण ते एक चांगले साधन आहे. इथला काळा पाषाण कठीण असतो, झिजून गुळगुळीत होतो, पण पूर्ण निसरडा होत नाही. कपडा आपटला की त्यातले पाणी धाग्यांमधून जोराने बाहेर फेकले जाते आणि मळ सोबत नेते. चांगल्या यंत्रातल्या पिंपात कपडा वर उचलून पुन्हा पाण्यात टाकला जातो, तेव्हा तत्त्वतः तेच घडते. फरक एवढाच की दगडाशी ऊर्जा बाईच्या खांद्यातून आणि कमरेतून येते. शहरातल्या धोबीघाटांवर, उदाहरणार्थ मुंबईत महालक्ष्मीला, हौदात उभे राहून कमरेएवढ्या उंचीच्या दगडावर कपडे आपटता येतात. घरच्या धुण्याचा दगड मात्र नेहमी जमिनीलगत राहिला. व्यवसाय करणाऱ्या पुरुषासाठी दगड उंच आणि घरातल्या बाईसाठी वाकून बसायचा, हा फरक तांत्रिक नक्कीच नव्हता.

मळ सोडवायला राख, साजीखार, रिठा, शिकेकाई ही द्रव्ये होती. लाकडाच्या राखेत पोटॅशिअम कार्बोनेट असते आणि साजीखार म्हणजे मुख्यतः सोडिअम कार्बोनेट. दोन्हींचे काम दुहेरी. एक तर त्यांच्या अल्कधर्मी द्रावणात तेलकट मळ सुटतो. दुसरे म्हणजे पाण्यातले कॅल्शिअम ते कार्बोनेटच्या रूपाने खाली बसवतात, म्हणजे दुष्फेन पाणी सुफेन करतात. बेसॉल्टमधल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात, त्यामुळे त्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि कपड्यावर पांढुरका चिकट साका बसतो. उलट पावसाचे पाणी पूर्ण सुफेन. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की पागोळ्यांखाली घंगाळे ठेवून त्या पाण्यात बारीकसारीक धुणे काढायची पद्धत होती. त्या पाण्यात 'साबण उतू जातो' हे अनुभवाने ठाऊक होते, कारण रसायनशास्त्राने नंतर सांगितले. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो. दोन बाटल्या घ्या, एकीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, दुसरीत पावसाचे. दोन्हींत साबणाच्या किसाची सारखी चिमूट टाकून हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. मग त्याच प्रयोगात साबणाऐवजी धुण्याची पावडर वापरा.

दुसऱ्या वेळी फरक खूपच कमी दिसेल. कारण पावडर हा साबण नव्हे, तो अपमार्जक असतो. त्याचे कॅल्शिअम क्षार साबणासारखा साका धरत नाहीत. भारतात विलायती सनलाइट साबणाच्या वड्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. गोदरेजने १९१८ च्या सुमारास वनस्पती-तेलापासून साबण काढला तेव्हा, चरबी नको असलेल्या घरांतही वडी पोचली. सर्फ १९५९ साली आला आणि अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरच्या आवारात निरमा पावडर बनवायला सुरुवात केली. त्यानंतर पावडर स्वस्त झाली आणि पाहता पाहता गावोगावी गेली.

इथे खालापूर तालुका पुन्हा कथेत येतो. पाताळगंगेच्या काठच्या औद्योगिक वसाहतीत रिलायन्सच्या कारखान्यात १९८२ पासून पॉलिएस्टरचा धागा निघू लागला, आणि त्याच दशकात पुढे लिनिअर अल्किल बेंझीन. हे दुसरे नाव बोजड वाटेल, पण घरातल्या बहुतेक धुण्याच्या पावडरींचा मुख्य घटक त्यापासूनच बनतो. त्याची कार्बनसाखळी सरळ असते, हे महत्त्वाचे. पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकात वापरलेल्या अपमार्जकांच्या साखळीला फांद्या होत्या. जीवाणूंना ती साखळी तोडता येईना आणि नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले. साठीच्या दशकात तिथे सरळ साखळीचे रसायन आले. आपल्याकडे पावडरीची लाट पसरली ती हे शहाणपण आल्यानंतर, हे आपले नशीब.

पॉलिएस्टरने धुण्याच्या जागेवर काय परिणाम केला, हे फारसे कोणी मोजत नाही. सुती धागा दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी शोषून धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून टेरिकॉटचा शर्ट रात्री धुऊन सकाळी घालता येतो. वाळवणाला लागणारी जागा आणि वेळ इतकी कमी करणारा शोध त्या शतकात दुसरा झाला नसेल. उन्हाळ्यात घामाने अंग चिकटते ही त्याच गुणाची दुसरी बाजू.

मोरी

पाणी आणि मळके पाणी घालवणे ही दोन कामे घरात आली ती मोरीच्या रूपाने. कोकणातल्या घरात मागच्या दाराशी न्हाणी असे, शेजारी दगडी दोण आणि एक धुण्याचा धोंडा. सांडपाणी पन्हळीतून अळू आणि केळीच्या वाफ्यात जाई. राख, रिठा आणि थोडा साबण असलेले ते पाणी माती पचवून टाकी. कर्दळ, केळ, अळू ही भरपूर पाणी पिणारी झाडे न्हाणीमागे का, याचे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या तासाला विचारण्यासारखे आहे.

मुंबईला गिरणीत गेलेल्या कोकणी माणसाच्या वाट्याला यातली फक्त मोरी आली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी इथे ज्या चाळी बांधल्या त्यांतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यातच मोरी. तिला बोटभर उंचीचा कठडा. सकाळी ते स्नानगृह, दुपारी धुण्याचा घाट, रात्री भांडी घासायची जागा. आज 'कमी जागेतील घर' या विषयावरची गुळगुळीत मासिके घडीचे टेबल आणि सरकते दार सुचवतात. चाळीतल्या बायकांनी जागा घडी न घालता वेळेची घडी घातली होती. चौरस मीटरभर फरशीवर तीन खोल्या बसवल्या होत्या आणि त्याला कोणी रचनाशास्त्र म्हटले नाही.

कर्जत, नेरळ, खोपोली इथल्या जुन्या घरांतही, नळ आल्यावर, मोरी मागच्या दारातून आत सरकली. सगळीकडे नाही. डोंगरातल्या अनेक ठाकर आणि कातकरी वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत धुणे अजूनही झऱ्याकडे उतरते आणि ओले होऊन वर चढते. त्याचा हिशेब करून पाहावा. चार किलो कोरडे सुती कपडे हाताने पिळले तरी त्यांत जवळपास तेवढेच, म्हणजे चार लिटर पाणी राहते. उतरताना चार किलो, चढताना आठ. म्हणून बाया आधी काठच्या तापलेल्या काळ्या खडकांवर कपडे पसरतात. बघणाऱ्याला तो विसावा वाटतो. प्रत्यक्षात त्या दोन-तीन किलो ओझे सूर्याकडून उतरवून घेत असतात.

चौथे काम

आता वाळवण. पाणी नळाने आले, मळ पावडरीने सुटला, सांडपाणी पाइपातून गेले. वाळवणाला मात्र अंगण लागत होते आणि सदनिकेत अंगण नाही. यंत्राने मदत केली ती अर्धी. पिंपाचा व्यास ५० सेंटिमीटर धरला आणि ते मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर कडेच्या कपड्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २८० पट येते (सूत्र विद्यार्थ्यांना माहीत असते, आकडे घालायला सांगावे). हाताने कितीही पिळले तरी एवढे साधत नाही. चार किलो कपड्यांत चारऐवजी सुमारे अडीच लिटर पाणी उरते. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जी दोन पिंपांची यंत्रे आली, त्यांचे दुसरे, लहान पिंप हेच खरे क्रांतिकारक होते असे माझे मत आहे. धुणे हाताने करून नुसते त्या पिंपात पिळून घेणारी घरे मी पाहिली आहेत, आणि कोकणच्या पावसात ते अगदी शहाणपणाचे होते.

पण उरलेले अडीच लिटर हवेतच जायला हवे. श्रावणातल्या कर्जतच्या हवेचा ढोबळ हिशेब मांडू. तापमान २७ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ९० टक्के. २७ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम बाष्प धरू शकते, आणि त्यातले २३ ग्रॅम तिच्यात आधीच आहे. उरली जागा अडीच ग्रॅमची. म्हणजे अडीच लिटर पाणी सामावून घ्यायला हजार घनमीटर हवा लागेल. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच खोलीत २५ घनमीटर हवा असते. ती संपूर्ण हवा चाळीस वेळा बदलायला हवी. आपल्या दीड बाय एक मीटरच्या बाल्कनीतली हवा अडीचशे वेळा. काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत कपडे का कुबट होतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. पुसून, सुगंधी द्रव्य शिंपडून ते सुटत नाही.

याच हवेचे तापमान पाच अंशांनी वाढवले तर? ३२ अंशांना एक घनमीटर हवा जवळपास ३४ ग्रॅम बाष्प धरते. आता मोकळी जागा अडीचऐवजी सुमारे अकरा ग्रॅम. केवळ पाच अंशांत चौपट. जुन्या घरांतल्या स्त्रियांनी हे कोष्टक पाहिलेले नव्हते, पण त्या बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर दुपटी वाळवत, आणि स्वयंपाकघरात छताजवळ वलणी बांधत. वलणी म्हणजे कपडे टाकायची टांगलेली आडवी काठी किंवा दोरी. चुलीची ऊब वर चढते, छतालगतची हवा खालच्यापेक्षा गरम आणि म्हणून 'तहानलेली' असते. सोवळ्याचे वस्त्र तर काठीने उंच वलणीवर टाकायचे, कोणाचा हात लागू नये म्हणून. त्या रिवाजामागच्या विचाराशी मी सहमत नाही. पण वस्त्र वाळवायला घरातली सर्वांत योग्य जागा त्यांनी निवडली होती, हे कबूल केले पाहिजे.

वलणीचा इतिहास याहून खूप मागे जातो. कर्जतपासून जवळच, उल्हास नदीच्या खोऱ्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली. तिथल्या विहारातली भिक्षूची खोली म्हणजे जेमतेम एका माणसाच्या झोपण्याएवढी. अशा खोल्यांत राहणाऱ्यांसाठी विनयपिटकातल्या 'चुल्लवग्ग' या भागात ज्या वस्तूंना बुद्धाची परवानगी सांगितली आहे, त्यांत चीवरवंस आणि चीवररज्जु ही दोन नावे येतात : चीवर टाकण्याचा बांबू आणि चीवर टाकण्याची दोरी. सगळा पसारा सोडून आलेल्या माणसालाही ओले वस्त्र ठेवायला काहीतरी लागते. कमी जागेत वाळवणाची सोय केल्याची याहून जुनी लेखी नोंद माझ्या वाचनात नाही.

पुन्हा नकाशाकडे

आता त्या शिक्षिकेच्या बाल्कनीकडे वळू. पुढून उघडणारे नेहमीचे यंत्र सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, तेवढेच खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच असते. कमी खोलीचे यंत्र ४५ सेंटिमीटरमध्ये बसते. एक मीटर रुंदीच्या जागेत नेहमीचे यंत्र लांब भिंतीला पाठ लावून ठेवले तर समोर ४० सेंटिमीटर उरतात, तेवढ्यात वाकून कपडे काढता येत नाहीत. कमी खोलीचे ठेवले तर ५५ उरतात आणि माणूस उभे राहते. दुसरा उपाय म्हणजे यंत्र आखूड भिंतीशी, दार स्वयंपाकघराच्या दिशेला नव्हे तर बाल्कनीच्या लांबीच्या दिशेला उघडेल असे. मग समोर ९० सेंटिमीटर मिळतात आणि नेहमीचेही यंत्र चालते. आम्ही जमिनीवर खडूने दोन्ही रेखाटने काढली आणि बादली घेऊन वाकून पाहिले. दुसरे जिंकले. यंत्राच्या शेजारी राहिलेल्या पट्टीत, जमिनीवर नव्हे तर ८० सेंटिमीटर उंचीवर, कॉलर आणि बाह्या घासायला त्यांनी कडाप्प्याचा एक तुकडा बसवून घेतला. धुण्याचा दगड अखेर कमरेच्या उंचीला आला.

जमीन अशी संपली. वाळवण वर गेले. दीड मीटर लांबीच्या सहा नळ्या एकमेकींपासून १५ सेंटिमीटर अंतरावर छताला टांगल्या तर त्यांना पाऊण मीटर रुंदी पुरते आणि नऊ मीटर वलणी मिळते. प्रत्येक नळीला वेगळी दोरी आणि कप्पी, म्हणजे एकेक खाली घेऊन कपडे टाकता येतात, हात उंच करून टाचांवर उभे राहावे लागत नाही. अंतर १५ सेंटिमीटरपेक्षा कमी करण्याचा मोह होतो. करू नये. दोन ओल्या कपड्यांमधली हवा संपृक्त होऊन तिथेच अडकते आणि नळ्या वाढवूनही वेळ वाचत नाही. साडी दुपदरी न टाकता दोन नळ्यांवरून सोडली तर पदर एकमेकांना चिकटत नाहीत.

बाल्कनीला काच लावायचा विचार होता, पाऊस आत येतो म्हणून. हजार घनमीटरचा हिशेब पाहून तो बेत त्यांनी सोडला. त्याऐवजी खालच्या भागात जाळी, वर बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या, आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक लहान पंखा, घरातली हवा बाल्कनीतून बाहेर ढकलणारा. पंख्याने हवेचे तापमान वाढत नाही, पण हवा बदलते, आणि आपला भागाकार हवा बदलण्याचाच होता. विजेच्या वाळवणयंत्राची चौकशी त्यांनी केली होती. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल, म्हणजे पाऊण युनिटच्या जवळपास वीज लागते. अडीच लिटरना पावणेदोन युनिट, आणि हे यंत्रातली गळती न धरता. शाळेतल्या मुलांना त्यांनी हा हिशेब गृहपाठ म्हणून दिला. सोबत रुमाल ओला करून स्वयंपाकाच्या काट्यावर दर पंधरा मिनिटांनी तोलायचा, एकदा पंख्याखाली आणि एकदा बंद खोलीत, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायचे.

शेवटी पाण्याची वाट तपासायची राहिली होती. पुष्कळ इमारतींत बाल्कनीच्या फरशीतले छिद्र पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडलेले असते, कारण नकाशात ती बाल्कनी असते आणि बाल्कनीत पावसाचेच पाणी अपेक्षित असते. पावसाचा पाइप सरळ ओढ्यात उतरतो. तिथून साबणाचे पाणी कोणत्याही शुद्धीकरणाशिवाय उल्हासमध्ये जाते, आणि खाली बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरे याच नदीचे पाणी उचलतात. म्हणून यंत्र बसवण्याआधी त्यांनी बादलीभर पाण्यात खाण्याचा लाल रंग मिसळून तो बाल्कनीच्या छिद्रात ओतला आणि दोन मुलांना खाली उभे केले, एकाला सांडपाण्याच्या चेंबरपाशी आणि दुसऱ्याला पावसाच्या गटारापाशी. लाल पाणी गटारात आले. यंत्राचा पाइप आता न्हाणीघराच्या सांडपाण्याला जोडला आहे. त्यासाठी भिंतीला सहा सेंटिमीटरचे एक भोक पाडावे लागले.